भाट्याच्या पुळणीवर, एका फ्लॅशवर: निरोपाच्या फोटोंची संध्याकाळ

कोकणात समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी मुलीला समुद्राकडे पाठ करून उभं केलं की सूर्य तिच्या मागे जातो आणि तोंड सावलीत येतं. आकाशाचा रंग धरायला गेलं तर चेहरा काळवंडतो, चेहरा उजळायला गेलं तर आकाश पांढरंफटक होतं. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश चेहरा उजळतो खरा, पण नाकाची, गालाची, हनुवटीची सावली पुसून टाकतो आणि चेहरा सपाट होतो. म्हणून बारावीच्या आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचे निरोपाचे फोटो काढताना आम्ही फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा, स्टँडवर घेतो. एकच फ्लॅश. दुसरा लागतो असं क्वचितच वाटतं. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ही संध्याकाळ कशी पार पडते, ते सगळं इथे क्रमाने लिहीत आहोत.

सुरुवात कॅलेंडरपासून होते. फेब्रुवारीच्या मध्याला रत्नागिरीत सूर्य साधारण ६ वाजून ३५ ते ४० मिनिटांच्या दरम्यान मावळतो. तो बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश लांबत नाही. मावळल्यावर वीसेक मिनिटांत रंग संपतात. मुलांना ५ ला बोलावलं की पुरेसा वेळ मिळतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट भरती-ओहोटीची. ओहोटीला पुळण रुंद होते, ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि स्टँडला घट्ट जमीन मिळते. भरतीला तीच जागा अरुंद होऊन जाते. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा अजून चालतो: तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताला भरती. ती तारीख नको. पौर्णिमा-अमावास्येला उत्तर सव्वाअकराच्या आसपास येतं, म्हणजे ओहोटी सव्वापाच-साडेपाचला. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे एकदोन दिवस संध्याकाळच्या फोटोंसाठी सगळ्यात सोयीचे. तारीख ठरवायला हा ठोकताळा पुरतो, पण वेळ पक्की करताना भरतीचं कोष्टक बघावंच, कारण उधाणाच्या दिवसांत पाणी वळलं की झपाट्याने वर येतं.

वाळूचा रंगही बघावा लागतो. रत्नागिरीत मांडवीला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र आहे. मांडवीची वाळू इल्मेनाइटसारख्या खनिजांमुळे काळसर दिसते आणि उजेड गिळते. तिथे हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली गडद पडते. फिकट वाळू खालून उजेड परत फेकते आणि अर्धं काम फुकट करून देते. काळ्या वाळूवर काम असेल तर आम्ही मुलीच्या पायांपुढे, चौकटीच्या बाहेर, पांढरी चादर अंथरतो आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवतो. बाजारातल्या चंदेरी रिफ्लेक्टरपेक्षा चादर चांगली: ती वाऱ्यावर फडफडत नाही आणि तिचा उजेड डोळ्यांना टोचत नाही.

सामान मोजकं. २०० वॉट-सेकंदांचा बॅटरीवरचा फ्लॅश (आमच्याकडे गोडॉक्सचा एडी २०० आहे, पूर्ण शक्तीवर एका चार्जमध्ये सुमारे ५०० वेळा चमकतो), त्याचा ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅश चमकवणारा), ९० सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा), भक्कम स्टँड, रिकामी वाळूची पिशवी, तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळपट काच; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), पाव आणि अर्ध्या ताकदीच्या नारिंगी जेल (फ्लॅशपुढे लावायच्या रंगीत पारदर्शक चकत्या), ८५ आणि ३५ मिलिमीटरच्या लेन्स. पिशवी किनाऱ्यावरच ओल्या वाळूने भरायची, पाच-सहा किलो तरी. ही पिशवी विसरली तर सॉफ्टबॉक्स उघडूच नये. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. छत्री तर आणखी वाईट. तिच्या काड्या उलटतात आणि स्टँड आडवा होतो. पिशवी असली तरी एक माणूस स्टँडला हात लावून उभा हवाच. सोबत आलेली मैत्रीण किंवा भाऊ हे काम आनंदाने करतात, फक्त त्यांना आधी बजावावं लागतं की फोटो बघायला हात सोडून यायचं नाही.

कपड्यांबद्दल आदल्या दिवशीच बोलून घेतो. साडी असेल तर पदर खांद्यावर दोन पिनांनी आणि निऱ्या आतून एका पिनेने पक्क्या कराव्यात. ब्लेझरवाल्यांनी आत बारीक रेघांचा शर्ट टाळावा, अशा रेघांवर कॅमेऱ्यात नसती नक्षी उठते. केसांना खोबरेल तेल लावून येऊ नये, हे आईलाही सांगावं लागतं: तेलावर फ्लॅश पडला की भांगाजवळ पांढरे पट्टे चमकतात. घामाचंही तेच. दमट हवेत पावडर लावत बसलं तर थर जमतो. त्यापेक्षा टिश्यू पेपर कपाळावर, नाकावर नुसता दाबून घ्यावा, पुसू नये. सावळ्या चेहऱ्यावर हे विशेष जपावं. सावळा रंग फ्लॅशखाली फार सुंदर येतो, गालाच्या हाडावर हलकी चमक येते आणि चेहऱ्याला उठाव मिळतो. ती चमक घामाची झाली की सगळं बिघडतं. आणि सावळा चेहरा गोरा दिसावा म्हणून फ्लॅश वाढवू नये. आई-वडिलांनी सुचवलं तरी नाही.

५ ते पावणेसहा आम्ही सुरूच्या बनात घालवतो. ऊन अजून कडक असतं आणि मुलं अवघडलेली असतात. पहिल्या अर्ध्या तासातले फोटो बहुतेक सराव म्हणूनच उपयोगी पडतात. सुरूची सावली विरळ असते, चेहऱ्यावर कवडसे पडतात, म्हणून मुलीला कडेच्या झाडाला पाठ देऊन असं उभं करायचं की उघडं आकाश तिच्या समोर येईल. इथे फ्लॅश अगदी थोडा, पूर्ण शक्तीच्या एक-अष्टमांश किंवा त्याहून कमी. माडाच्या किंवा पोफळीच्या वाडीत काम असेल तर अडचण वेगळी असते: पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि कातडीवर तो आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातलं रंगाचं संतुलन) कितीही फिरवला तरी हिरवा जाताना गालाचा गुलाबीही घेऊन जातो. उपाय म्हणजे फ्लॅश जवळ आणणं, म्हणजे चेहऱ्यावर त्याचाच उजेड मुख्य राहतो आणि हिरवा मागच्या पानांपुरता उरतो. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत किंवा गडगाही तसाच लाल रंग फेकतो. त्याला टेकून फोटो काढण्यापेक्षा दोन मीटर पुढे उभं राहावं.

पावणेसहाला पुळणीवर उतरतो. आता दिशा. फेब्रुवारीत सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, थोडा दक्षिणेकडे कललेला असतो. वारा मात्र बहुतेक संध्याकाळी वायव्येकडून येतो. सरळ समुद्राकडे पाठ केली तर वारा मागून येऊन सगळे केस तोंडावर आणतो, आणि मग मुलीचा अर्धा वेळ केस सावरण्यात जातो. म्हणून आम्ही तिला साधारण उत्तरेकडे तोंड करून उभं करतो. सूर्य तिच्या डाव्या खांद्यामागून येतो, केसांना आणि डाव्या गालाला सोनेरी कड देतो; वारा समोरून डावीकडून येतो आणि केस मागे नेतो. कॅमेरा तिच्या उत्तरेला, दक्षिणेकडे बघत. चौकटीत उजवीकडे समुद्र, डावीकडे सुरूचं बन. फ्लॅश जमिनीच्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्याच्या डावीकडे. त्यामुळे सूर्य एका बाजूने मागून आणि फ्लॅश दुसऱ्या बाजूने पुढून, असा आडवा-तिरपा उजेड मिळतो. शिवाय स्टँड कोरड्या बाजूला राहतो, आणि वाऱ्याने पडलाच तर मुलीच्या अंगावर पडत नाही.

मग एक्स्पोजर. क्रम महत्त्वाचा, आणि तो उलटा केला की गोंधळ होतो. आधी फ्लॅश बंद. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ४. आता फक्त आकाश बघून शटर (तो किती वेळ उघडा राहील) ठरवायचा: रंग दिसले पाहिजेत, सूर्याभोवतीचा थोडा भाग सोडून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे आपटता कामा नये. या वेळी उत्तर १/१००० सेकंदाच्या आसपास येतं. मुलगी जवळजवळ काळी दिसते आणि ती तशीच दिसायला हवी. त्यानंतर फ्लॅश चालू करून त्याची शक्ती चेहऱ्यापुरती वाढवायची.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. साध्या सिंकमध्ये (शटर पूर्ण उघडा असताना फ्लॅश एकदाच चमकतो) शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. नेला तर चौकटीच्या एका कडेला काळी पट्टी येते. १/१००० हवा असेल तर दोन रस्ते. पहिला हाय स्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकदा चमकण्याऐवजी अतिशय वेगाने ठिणग्या सोडत राहतो, आणि सुरुवातीलाच सुमारे दोन स्टॉप उजेड जातो. पुढे शटर जितका वाढवाल तितका फ्लॅशही कमी होत जातो. २०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश दुहेरी कापडाच्या सॉफ्टबॉक्समधून दीड मीटरवरून तिथे अपुरा पडतो. त्याला एका मीटरवर आणावं लागतं किंवा आतलं कापड काढावं लागतं. दुसरा रस्ता एनडी फिल्टर. तीन स्टॉपच्या फिल्टरने १/१००० चा शटर १/१२५ वर येतो, साध्या सिंकच्या आत, आणि फ्लॅशची पूर्ण ताकद हाताशी राहते. फिल्टर फ्लॅशचा उजेडही कापतो, हे खरं. तरी हिशेब हाय स्पीड सिंकपेक्षा फायद्याचाच पडतो, आणि फ्लॅशही कमी तापतो. आम्ही फिल्टर पसंत करतो. मात्र मुलं धावणार, उड्या मारणार असतील तर १/१२५ ला हात-पाय हलतात, तेव्हा हाय स्पीड सिंकच वापरावा.

साध्या सिंकमध्ये शटर बदलला तर फक्त आकाश बदलतं, फ्लॅशने उजळलेला चेहरा तसाच राहतो. हे एकदा हाताला बसलं की पुढचा पाऊण तास सोपा जातो: सूर्य खाली जाईल तसा शटर हळू करत जायचं, बाकी काहीही हलवायचं नाही. चेहरा किती उजळावा? आकाशापेक्षा किंचित कमीच ठेवावा. चेहरा आकाशाहून उजळ झाला की मुलगी कापून चिकटवल्यासारखी दिसते.

सॉफ्टबॉक्सचं अंतर हा दुसरा हिशेब. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. अर्ध्या अंगाच्या फोटोला सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून एक ते सव्वा मीटर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर, बाजूला साधारण ४५ अंशांवर, किंचित खाली वाकवलेला. नाकाची सावली खाली गालाकडे जायला हवी, पण ओठांना शिवू नये. डोळ्यांत वरच्या बाजूला, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी, उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे; तो नसेल तर स्टँड फार वर गेलाय. चष्मा असेल तर उलट स्टँड आणखी वर घ्यावा आणि काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली वाकवाव्यात, प्रतिबिंब निघून जातं. पूर्ण उंचीच्या फोटोला एक मीटर चालत नाही, कारण चेहरा उजळतो आणि साडीचे काठ अंधारात जातात. तिथे अडीच मीटरवर जावं लागतं आणि शक्ती सहापट लागते. म्हणून पूर्ण उंचीचे फोटो आम्ही सूर्य पाण्याला टेकत आल्यावर घेतो, तेव्हा आकाशच मंद झालेलं असतं.

आता उभं राहणं. पोझ पायांपासून बांधायची, चेहऱ्यापासून नाही. वाळूत टाच रुतते, म्हणून उंच टाचांच्या चपला बाजूला काढून अनवाणी उभं करतो. साडीत पाय दिसत नाहीत, आणि दिसले तरी ओल्या वाळूवर अनवाणी पाय शोभतात. "मागच्या पायावर भार दे, पुढचा गुडघा सैल सोड." एवढ्याने कंबर आपोआप एका बाजूला जाते. खांदे समुद्राकडे थोडे वळवायचे, मग चेहरा परत फ्लॅशकडे. अशाने फ्लॅशचा मुख्य उजेड चेहऱ्याच्या कॅमेऱ्यापासून दूर असलेल्या बाजूवर पडतो, जवळचा गाल हलक्या सावलीत राहतो आणि चेहरा रेखीव दिसतो. चेहरा इतकाही वळवू नये की नाकाचा शेंडा गालाच्या कडेबाहेर जाईल.

"हनुवटी खाली घे" असं सांगितलं की मुलं मान आत ओढतात आणि गळ्याला वळी पडते. त्याऐवजी आम्ही सांगतो, "मान लांब कर, आता कपाळ माझ्याकडे आण." त्यांना हे विचित्र वाटतं, म्हणून एक फोटो आधीचा आणि एक नंतरचा शेजारी ठेवून दाखवतो, मग पुन्हा सांगावं लागत नाही. दंड अंगाला चिकटला की दुप्पट रुंद दिसतो, कोपर दोन बोटं बाहेर काढायचं. हाताची करंगळीची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवावी, पंजाची मागची बाजू पसरट दिसते. मुलांनी खिशात हात घालताना अंगठा बाहेर ठेवावा. हाताची घडी घातली तर मुठी काखेत लपवू नयेत, बोटं दंडावर सैल दिसू द्यावीत. ब्लेझरमध्ये ताठ उभे राहिलेले मुलगे कंबरेतून किंचित पुढे झुकले की लगेच मोकळे दिसतात.

बसायला जांभ्याचा कातळ किंवा ओढून ठेवलेल्या होडीची कड उत्तम. होडी ज्यांची आहे त्यांना विचारून, आणि जाळ्यांवर पाय न देता. बसताना कडेवर बसायचं. मागे सरकून बसलं की मांड्या कॅमेऱ्याकडे येतात आणि पाठ वाकते. चौकट कापताना मनगट, गुडघा, घोटा यांवर कापू नये. मांडीच्या किंवा पोटरीच्या मध्यावर कापावं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे या दिवसांत सुरंगी फुललेली असते आणि मुली वळेसर (सुरंगीचे गजरे) माळून येतात. अशा वेळी एक फोटो पाठमोरा, चेहरा खांद्यावरून वळलेला घ्यावाच. मावळतीचा उजेड त्या केसरांतून आरपार येतो, आणि तो फोटो घरच्यांना सगळ्यात आवडतो.

हसू मागून मिळत नाही. श्वास सोडायला सांगितलं की जबडा सैल होतो. फ्लॅश धरणाऱ्या मैत्रिणीने काही बोललं की खरं हसू येतं. पण फ्लॅश पुन्हा भरायला पूर्ण शक्तीवर दोनेक सेकंद लागतात. भरभर बटण दाबलं तर दर दुसरा फोटो काळा येतो, आणि नेमकं हसू त्यातच असतं. एक-चतुर्थांश किंवा त्याखाली शक्ती ठेवता आली तर हा त्रास नाही; त्यासाठी फ्लॅश जवळ आणणं हाच स्वस्त मार्ग.

सूर्य टेकताना आकाश नारिंगी होतं आणि फ्लॅश दुपारच्या उन्हासारखा, ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड नारिंगी) आसपास, पांढरा राहतो. चेहरा निळसर, परका दिसतो. पाव जेल लावली की फ्लॅश साधारण ४५०० वर येतो, अर्धी लावली तर ३८०० च्या जवळ. आम्ही सूर्य टेकायच्या आधी पाव आणि टेकल्यावर अर्धी लावतो, व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर कायम. अर्ध्या जेलने सुमारे अर्धा-पाऊण स्टॉप जातो, तेवढी शक्ती वाढवायची. एनडी फिल्टर आता काढून टाकावा; विसरला तर फोकस चाचपडत राहतो.

मावळल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची असतात. बहुतेक लोक तेव्हा सामान आवरत असतात. शटर १/६० पर्यंत खाली येतो, लागलं तर आयएसओ २०० किंवा ४००. आकाश जांभळं, ओल्या वाळूत त्याचं प्रतिबिंब, आणि एक-सोळांश शक्तीवरसुद्धा चेहरा स्वच्छ उजळतो. ३५ मिलिमीटरची लेन्स लावून गुडघ्यांवर बसावं, प्रतिबिंब मोठं दिसतं. या वेळी मुलीने स्थिर राहायला हवं, नाहीतर फ्लॅशने गोठवलेल्या चेहऱ्याभोवती केसांची पुसट सावली उमटते. फोकस पकडायला मोबाइलचा टॉर्च चेहऱ्यावर धरावा आणि फोटो घेताना बाजूला करावा. पाणी वळलेलं असतं, म्हणून पिशव्या आधीच वर सुरूजवळ हलवाव्यात आणि पायांपाशी येणाऱ्या लाटेवर एकाने लक्ष ठेवावं.

किल्ल्यांबद्दल एक सूचना. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंवर ट्रायपॉड किंवा स्टँड लावायला परवानगी लागते. ती आधी काढावी, नाहीतर पुळणच बरी.

घरी आल्यावर आधी सामान, मग फोटो. लेन्सवर खाऱ्या फवाऱ्याचा धुरकट थर बसतो. कापड लावण्याआधी ब्लोअरने वाळूचे कण उडवायचे, एक कणही काचेवर कायमची रेघ ओढतो. मग ओलसर, मग कोरडं कापड. स्टँडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवायचे आणि उघडेच वाळवायचे. बंद करून ठेवले तर आतली वाळू कुलपं झिजवते आणि मीठ स्क्रू गंजवतं. ट्रिगरचा आणि कॅमेऱ्याचा जोडाचा पत्रा कोरड्या कापडाने पुसावा. फ्लॅश मधूनच चमकेनासा झाला तर दोष बहुधा तिथे साचलेल्या मिठाचा असतो. फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवावेत. रॉ फायलींमध्ये कातडी गुळगुळीत करण्याच्या फंदात पडू नये. मुरुम काढावेत, तीळ ठेवावेत. छपाईला ८ बाय १२ इंच मापात कॅमेऱ्याची चौकट न कापता बसते, ८ बाय १० मागितलं तर दोन्ही टोकांनी एकेक इंच जातो, तेव्हा पूर्ण उंचीच्या फोटोत डोक्यावर आणि पायांखाली तेवढी जागा आधीच सोडलेली हवी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, फोटो म्हणून पाठवले की दाबले जातात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात.